‘इतर’ नावाचा खण

लांबलचक तक्त्यातून घटकाभरात रंगीत आलेख काढून देणारी टॅब्लोसारखी सॉफ्टवेअर आता कचेऱ्यांमधून सर्रास वापरली जातात. आलेख डोळ्यांत भरतो. पण त्याच्या आधी एक काम झालेलं असतं, माहितीच्या वाटणीचं. आज थोडं त्याबद्दल.

वाटणीच्या चार मुख्य तऱ्हा. पहिली, गट. ‘पुणे’ आणि ‘पूना’ अशा वेगळ्या नोंदी एका नावाखाली बांधायच्या. दुसरी, संच. एक अट घालायची; तीत बसेल तो आत, न बसेल तो बाहेर. आकडे बदलले की आतबाहेरही बदलतं. तिसरी, टप्पे. वय ० ते ९, १० ते १९, असे सारखे तुकडे. चौथी, उतरंड. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं एकेक पायरी खाली उतरायचं.

ही नुसती सोय वाटते. पण २०११ च्या जनगणनेतले भाषांचे आकडे बघा. लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांचे गट बांधून १२१ भाषा झाल्या. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा ‘इतर’ या खणात गेल्या.

हिंदीसमोर ५२.८३ कोटी लोक दिसतात. गट सोडून एक पायरी खाली उतरा. मातृभाषा ‘हिंदी’ असं सांगणारे ३२.२२ कोटी निघतात. बाकीच्यांत भोजपुरीचे पाच कोटींहून अधिक, राजस्थानीचे अडीच कोटींहून अधिक. आपली अहिराणी मात्र मराठीच्या गटात न जाता ‘खानदेशी’ या वेगळ्या नावाखाली मोजली गेली. आकडे खोटे नाहीत. गाठ कुठे मारली, त्यावर चित्र ठरतं.

मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो त्याला कारण आहे. मी मुसलमान. घरात मराठी, कविता मराठीत. तरी माझं नाव ऐकलं की फॉर्म भरणारा माणूस भाषेपुढे न विचारताच ‘उर्दू’ लिहून मोकळा होतो. उर्दू गोड भाषा आहे, पण ती माझ्या आईची नव्हे. जनगणनेच्या कागदावर धर्म आणि मातृभाषा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. एकावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

इथे एक फरक ध्यानात घ्या. सॉफ्टवेअरमध्ये बांधलेला गट सोडता येतो, कारण मूळ नोंद खाली शाबूत असते. पण मूळ नोंदच चुकली, तर कितीही सुबक आलेख काढा, तो माणूस पुन्हा सापडत नाही.

गट नकोत असं मी म्हणत नाही. साडेएकोणीस हजार नावं एका कागदावर कोण वाचणार? पण आलेख समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. एका नावाखाली कोणाकोणाला बांधलंय? आतबाहेरची रेघ कुठे ओढलीय? आणि ‘इतर’मध्ये कोण आहे?

आणि प्रगणक दारी येईल तेव्हा घरात जी भाषा बोलता तिचं नाव स्पष्ट सांगा. त्यानं काय लिहिलं, तेही एकदा बघून घ्या.