व्हिसा मिळेल हो, पण कंपनीचं पत्र?



मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणालो होतो की परदेशात राहून इथलीच नोकरी करायचे व्हिसा आता निघालेत. त्यानंतर सगळ्यांचा एकच मेसेज: "दादा, सगळ्यात सोपा देश कुठला?" आज त्यावरच बोलू. पण आधीच सांगून टाकतो, माझा स्वतःचा अर्ज कुठल्याही दूतावासापर्यंत पोचलाच नाही. तो हिंजवडीतच अडकला. कसा ते सांगतो.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. टुरिस्ट व्हिसावर फिरायचं, काम करायचं नाही. वर्क व्हिसावर काम करायचं, पण त्यासाठी तिथली कंपनी लागते. मग ज्याची कंपनी एका देशात आणि लॅपटॉप दुसऱ्या देशात, त्याचं काय? त्याच्यासाठी डिजिटल नोमॅड व्हिसा. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये सुरू केला, म्हणजे ऐन कोविडमध्ये. त्यानंतर रांगच लागली. क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन, मलेशिया, थायलंड.

आता पैसे. पोर्तुगालचा नियम असा की तुमचं महिन्याचं उत्पन्न तिथल्या किमान पगाराच्या चौपट हवं. २०२५ साली किमान पगार ८७० युरो होता, म्हणजे ३,४८० युरो. आपल्या हिशोबाने महिन्याला सव्वातीन ते साडेतीन लाख. हातात तेवढे येणारे किती जण ऐकताय, हात वर करा. नाही ना? माझाही नाही. हे नियम डॉलर-युरोत कमावणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत, उघड आहे. अमेरिकन माणसाला तो आकडा साधा वाटतो, आपल्याकडे तो बराच सीनियर माणसाचा पगार.

मलेशियाचा डीई रांताऊ आपल्याला जवळचा. आयटीवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर दाखवायचे, म्हणजे साधारण २० लाख. पाच-सहा वर्षं काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांना जमेल.

आणि थायलंड. जुलै २०२४ मध्ये त्यांनी डेस्टिनेशन थायलंड व्हिसा काढला, सगळे डीटीव्ही म्हणतात. पाच वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करा, एका वेळी १८० दिवस राहता येतं. गंमत म्हणजे हा पगाराचा आकडा मागत नाही, बचत मागतो. खात्यात ५ लाख बाट, म्हणजे १२ ते १४ लाख रुपये. मुय थाय किंवा थाई स्वयंपाक शिकायला जाणाऱ्यालाही हाच व्हिसा मिळतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग तू स्वयंपाकाचाच घे, काहीतरी उपयोग तरी होईल."

तर मी थायलंड ठरवलं. बचत होती. एफडी मोडून पैसे सेव्हिंगमध्ये आणले. यादीत पुढची ओळ होती: नोकरीचा करार किंवा कंपनीचं पत्र, की हा माणूस रिमोट काम करतो. पत्र नसेल तर कामाचा पोर्टफोलिओही चालतो, पण आम्ही बँकेचा कोड लिहितो, दाखवणार काय? करार काढून बघितला. त्यात स्पष्ट लिहिलंय, कामाचं ठिकाण: पुणे. तीन वर्षं मी घरून काम करतोय, आणि कागदावर मी रोज ऑफिसात बसतो!

एचआरला मेल टाकला. अकरा दिवसांनी मीटिंग. मॅडम चांगल्या बोलल्या, पण उत्तर नाही असंच. राग आला होता खूप. नंतर आमच्याच फायनान्समधल्या एकाने चहावर समजावलं. कंपनीचा माणूस एखाद्या देशात सहा महिने बसून काम करतोय म्हटल्यावर तिथलं कर खातं म्हणू शकतं की मग तुमचं ऑफिसच आहे की इथे, भरा टॅक्स. वर क्लायंटच्या करारात लिहिलेलं असतं की डेटा भारताबाहेर उघडायचा नाही. एका डेव्हलपरच्या हौसेसाठी हे कोण अंगावर घेईल? मला पटलं. आवडलं नाही, पण पटलं.

"मग सांगायचंच कशाला, व्हीपीएन लाव आणि जा," असं म्हणणारे भेटतात. माझा एक मित्र असाच गेला. चौथ्या दिवशी सिक्युरिटी टीमचा फोन आला, लॅपटॉप लॉक. परत येऊन त्याने महिनाभर लेखी खुलासे दिले आणि प्रोजेक्ट गेला तो गेलाच. व्हिसा त्याच्याकडे होता हं. व्हिसा त्या देशाची परवानगी देतो, तुमच्या कंपनीची नाही.

आता टॅक्सचं. यात मला मजा आली, कारण हे चक्क ऑफ-बाय-वनचं गणित आहे. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, थायलंडचं जानेवारी ते डिसेंबर. तिथे एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले कर-निवासी, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई तिथे आणली तर तीही कराच्या हिशोबात येते. समजा १ ऑक्टोबरला गेलात. डिसेंबरअखेर ९२ दिवस, पुढच्या वर्षी मार्चअखेर ९०. दोन्हीकडे १८० च्या आत. इकडे एप्रिल ते सप्टेंबर भारतात १८३ दिवस, म्हणजे तुम्ही भारताचे निवासी, टीडीएस नेहमीसारखा. झकास ना? फक्त ३१ मार्चपर्यंत थांबू नका. १ ऑक्टोबरपासून १८० वा दिवस येतो २९ मार्चला, लीप वर्ष नसेल तर. त्यापुढे दिवसाला ५०० बाट दंड, आणि पासपोर्टवर डाग तो वेगळाच. तिकीट काढण्याआधी सीएला मात्र विचारा, मी कोड लिहिणारा माणूस आहे.

फ्रीलान्सर असाल तर पत्राची भानगडच नाही. क्लायंटचे करार, इनव्हॉइस, केलेलं काम दाखवा. म्हणूनच या व्हिसावर जाणारे माझ्या ओळखीचे जवळजवळ सगळे फ्रीलान्सर आहेत.

नोकरीवाल्यांनी एफडी मोडायच्या आधी मेल टाका. माझ्यासारखं "मला थायलंडला राहायचंय" असं लिहू नका. विचारा की आपल्याकडे परदेशातून काम करायचं धोरण आहे का, वर्षाला किती दिवस, माझ्या क्लायंटचा करार त्याला परवानगी देतो का, आणि पत्रावर सही कोण करेल. मी आता हाच मेल परत टाकलाय, सहा महिन्यांऐवजी चार आठवडे मागितलेत. आज नववा दिवस. उत्तर आलं की पुढच्या भागात सांगतो.