‘क्षुधित पाषाण’ : एक अपुरी गोष्ट आणि तिचे श्रोते



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एक भुताची गोष्ट निवडली आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. या मालेत इतिहास, अर्थकारण, आरोग्य अशा भारदस्त विषयांवर बोलणे होते. तेथे हडळ आणि मुंजा यांचे काय काम, असा प्रश्न रास्त आहे. परंतु आमचा विषय भूत हा नाही. भुताची गोष्ट ऐकणारा माणूस हा आमचा विषय आहे. अद्भुत गोष्ट कानांवर पडली की आपण लगेच एक प्रश्न विचारतो : हे खरे का? आणि सांगणाराने त्याचे सरळ उत्तर दिले नाही, तर आपण अस्वस्थ होतो. प्रसंगी आपसांत भांडतोही. या अस्वस्थतेचा थोडा विचार आज आपण करू.

त्यासाठी रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘क्षुधित पाषाण’ या कथेइतके चांगले उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही. ही कथा 1895 साली बंगालीत प्रसिद्ध झाली आणि 1916 साली तिचे इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने बाहेर पडले. तिचे बीज मात्र फार आधीचे. 1878 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, रवींद्रनाथ आपले वडील बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे अहमदाबादेस राहिले होते. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते आणि त्यांचा मुक्काम साबरमतीकाठच्या शाहीबागेतील वाड्यात असे. हा वाडा शाहजहानने गुजरातच्या सुभेदारीवर असताना बांधलेला. भाऊ कचेरीत गेले की तो कोवळा मुलगा त्या प्रचंड दालनांतून एकटाच हिंडे. या कथेची पहिली कल्पना आपल्याला तेथे सुचली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच साली ते मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी येऊन राहिले, हे आपल्याकडील वाचकांना ठाऊक असेलच.

आता गोष्ट थोडक्यात सांगतो. पूजेच्या सुटीत प्रवास करून दोन बंगाली गृहस्थ कलकत्त्यास परतत आहेत. गाडीत त्यांना एक तिसरा माणूस भेटतो. तो मोठा बोलका आहे. घटकेत विज्ञान सांगतो, घटकेत वेदांचा अर्थ लावतो, तर घटकेत फारसी बैत म्हणतो. दोघांपैकी एक जण थिऑसॉफिस्ट. या अनोळखी माणसाच्या अंगी काही अलौकिक शक्ती आहे, अशी त्याची खात्री पटते आणि तो चोरून टिपणे घेऊ लागतो. दुसरा, म्हणजे कथेचा निवेदक, मनातून हसत असतो. रात्री जंक्शनवर गाडी बदलायची असते, आणि पुढची गाडी उशिरा येणार असे कळते. मग मुसाफिरखान्यात तो तिसरा माणूस आपली हकीकत सांगू लागतो.

तो म्हणतो, की तरुणपणी आपण निजामाच्या राज्यात कापसाची जकात वसूल करण्याच्या नोकरीवर होतो. गावाबाहेर शुस्ता नदीच्या काठी शाह महमूद दुसरा याने अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेला संगमरवरी विलासमहाल होता. कचेरीतला म्हातारा कारकून करीमखान याने बजावले, की दिवसा खुशाल राहा, रात्री मात्र तेथे थांबू नका. नोकरही म्हणाले, संध्याकाळपर्यंत काम करू, रात्रीचे नाव काढू नका. हा तरुण हसला आणि तेथेच राहिला. मग एका संध्याकाळी, घाटाच्या पायऱ्यांजवळ बसला असताना, मागून अनेक पावलांचा आवाज आला. जणू पुष्कळ तरुण मुली हसत-खिदळत पाण्याकडे धावत गेल्या. वळून पाहतो तो कोणीही नाही. रात्री अदृश्य हात त्याला दालनादालनांतून नेऊ लागले. कधी क्षणभर एक इराणी युवती दिसे. अत्तराचा वास, पैंजणांचा नाद, कारंज्याचा आवाज. दिवसा इंग्रजी पोशाख घालून कापसाचा हिशेब करणारा हा अंमलदार रात्री मोगली पोशाख चढवून वाट पाहत बसू लागला.

रोज पहाटे मात्र मेहेर अली नावाचा एक वेडा महालाभोवती फेरी घाली. दूर राहा, हे सर्व खोटे आहे, अशा आशयाचे तो ओरडे, आणि त्याबरोबर रात्रीची सारी माया विरून जाई. पुढे एका वादळी रात्री त्या तरुणाला अंधारात कोणी स्त्री छाती पिटून रडते आहे असे वाटले. पहाटे त्याने मेहेर अलीलाच धरून विचारले, की बाबा, खोटे काय आहे? वेड्याने उत्तर दिले नाही. त्याला ढकलून तो पुन्हा महालाभोवती ओरडत फिरू लागला. तेव्हा हा कचेरीत धावत गेला. करीमखानाने सांगितले, की त्या महालात असंख्य अतृप्त वासना जळल्या, त्यांच्या शापाने तिथला दगडन् दगड भुकेला झाला आहे आणि जिवंत माणूस आला की त्याला गिळू पाहतो. तीन रात्री तेथे राहून बाहेर पडलेला माणूस एकच, मेहेर अली. आणि तो वेडा होऊन बाहेर पडला. माझ्या सुटकेला काही उपाय आहे का, असे तरुणाने विचारले. एकच आहे आणि तो फार कठीण आहे, करीमखान म्हणाला. पण तो सांगण्याआधी तिथल्या एका इराणी दासीची हकीकत सांगितली पाहिजे.

आणि नेमकी येथे गाडी येते! पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक इंग्रज या कथेकऱ्याला ओळखून हाक मारतो आणि आपल्या डब्यात घेतो. आपले दोघे दुसऱ्या वर्गाचे उतारू. गोष्ट तेथेच तुटते. निवेदक म्हणतो, त्या गृहस्थाने आपल्याला मूर्ख समजून थट्टा केली. सारी गोष्ट बनावट आहे. थिऑसॉफिस्ट आप्ताला हे सोसत नाही. वाद होतो, आणि दोघांचे कायमचे बिनसते.

मंडळी, या शेवटाने आपली फसवणूक झाली असे पुष्कळांना वाटते. परंतु रवींद्रनाथांनी आपल्याला, म्हणजे श्रोत्यांना, कथेतच आणून बसविले आहे हे ध्यानात घ्या. थिऑसॉफिकल सोसायटी 1875 साली न्यूयॉर्कला निघाली, 1879 साली तिचे संस्थापक मुंबईस आले आणि 1882 साली तिचे ठाणे मद्रासजवळ अड्यारला गेले. 1895 साली सुशिक्षितांच्या घरोघरी एक आप्त थिऑसॉफीकडे झुकलेला आणि दुसरा तिची टर उडविणारा, हे दृश्य काही दुर्मीळ नव्हते. एक म्हणतो सर्व खरे, दुसरा म्हणतो सर्व खोटे. दोघांनाही निकाल हवा आहे आणि तो ताबडतोब हवा आहे.

कथेने मात्र निकालाला लागणारा पुरावा मुद्दामच दोन्ही बाजूंना वाटून दिला आहे. पहिल्या संध्याकाळच्या भासानंतर तो तरुण स्वतःच म्हणतो, की पोट रिकामे असले म्हणजे असे विकार जडतात. आणि आचाऱ्याला बोलावून भरपूर तुपाचे मोगलाई जेवण करायला सांगतो! बुद्धिवाद्याला याहून अधिक काय हवे? उलट, करीमखानाने आणि नोकरांनी आधीच सावध केले होते, हे श्रद्धावानाच्या पारड्यात पडते. तराजू कोणत्याच बाजूला पुरता झुकत नाही. पुढे तीनच वर्षांनी, 1898 साली, हेन्री जेम्स याने ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही अशीच दुहेरी कथा लिहिली. मुलांना सांभाळणाऱ्या त्या शिक्षिकेला दिसलेली भुते खरी, की तिच्या मनाचे खेळ, यावर इंग्रजी टीकाकारांनी अनेक दशके शाई खर्च केली. तेव्हा गाडीतल्या त्या दोन बंगाली आप्तांना आपण एकटे पाडू नये.

आपल्या जुन्या परंपरेत श्रोत्याला असे मोकळे सोडलेले नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ राजाला कोडे घालतो, आणि उत्तर माहीत असून तू गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, असे बजावतो. राजा बरोबर उत्तर देतो आणि प्रेत पुन्हा झाडाला जाऊन लटकते. राजाची फेरी संपते केव्हा? अखेरच्या कोड्याचे उत्तर त्याला येत नाही आणि तो निमूट चालत राहतो तेव्हा. मग वेताळ प्रसन्न होतो आणि त्याचा जीव वाचविणारे रहस्य त्याला सांगतो. उत्तर न सापडलेल्या श्रोत्याच्या मौनालाही किंमत आहे, हे आपल्या कथाकारांना फार पूर्वी उमगले होते.

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. आक्षेप असा : ज्या महाराष्ट्रात भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसांना मारहाण झाली, बायाबापड्यांची लूट झाली, जेथे अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथे अशा संदिग्ध गोष्टींचे कौतुक कशाला?

आमचे उत्तर असे. भोंदू बाबाही गोष्टच सांगतो, हे खरे. परंतु त्याची गोष्ट कधी अपुरी राहत नाही. भूत कोणाचे हे तो नाव घेऊन सांगतो, उपाय सांगतो आणि उपायाची दक्षिणाही सांगतो. त्याच्यापुढे बसणाराला शंका घेण्याला जागाच नसते. रवींद्रनाथांची गोष्ट नेमकी उपाय सांगण्याच्या क्षणाला थांबते. करीमखानाच्या तोंडी तो उपाय आलाच नाही, म्हणून कोणा श्रोत्याला तो विकत घेता येत नाही. जी गोष्ट आपल्याला शंकेसह घरी पाठविते ती बुद्धीची शत्रू नव्हे. संदिग्धतेत थोडा वेळ बसण्याची सवय ज्याला झाली, तो बाबाच्या नेमक्या उत्तरांना सहजी भुलणार नाही, असा आमचा तर्क आहे.

पुढच्या काळात या अपुऱ्या गोष्टीला शेवट जोडण्याचा मोह अनेकांना झाला, आणि ते स्वाभाविक आहे. 1960 साली तपन सिंह यांनी तिच्यावर बंगाली चित्रपट काढला. 1991 साली आलेला गुलजार यांचा ‘लेकिन’ तर आपल्या अगदी जवळचा. निर्मिती लता मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचे. त्यात कथा राजस्थानच्या वाळवंटात गेली आहे आणि अडकलेल्या स्त्रीच्या जिवाला अखेर सुटका मिळते. चित्रपटगृहातून बाहेर पडणाराला समाधान हवे असते, ते त्याला मिळाले. मूळ कथेच्या वाचकाला ते मिळत नाही.

मेहेर अलीकडे आणखी एकदा पाहू, कारण या कथेचे मर्म त्याच्यापाशी आहे. सर्व खोटे आहे असे ओरडणारा हा माणूस महाल सोडून जात नाही! खोट्याभोवती रोज पहाटे फेरी कशाला घालावी? आणि तो निवेदक पाहा. गोष्ट बनावट आहे असे म्हणतो, आप्ताशी नाते तोडतो, आणि तीच गोष्ट अत्तराच्या वासासकट, पैंजणांच्या नादासकट आपल्याला सांगत बसतो. तोही एका परीने महालाभोवती फिरतोच आहे. नुसते खोटे म्हटल्याने एखादी गोष्ट आपल्याला सोडत नाही.

का सोडत नाही? दगडांना भूक कशाची, हे विचारल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही. तो महाल विलासासाठी बांधलेला. त्या विलासाला माणसे लागत, आणि ती दूरदेशांहून विकत आणलेली असत. त्यांच्यापैकी एका दासीची हकीकत करीमखान सांगणार होता. ती आपण ऐकली नाही. कारण पहिल्या वर्गातून साहेबाची हाक आली आणि सांगणारा उठून गेला. त्यानंतर दोघे आप्त भांडले ते कशावरून? खरे की खोटे यावरून. त्या मुलीचे पुढे काय झाले, हा प्रश्न दोघांपैकी एकानेही विचारला नाही. श्रद्धावानाला चमत्कार हवा होता, बुद्धिवाद्याला चमत्काराचे खंडन हवे होते. रडणाऱ्या बाईचे रडणे दोघांच्याही कानांवर पडून वाया गेले.

आपल्याकडे शनिवारवाड्याची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी तेथे कोवळ्या नारायणराव पेशव्याचा खून झाला. 1828 च्या आगीत वाडा जळाला, तट तेवढे उरले. तरी ‘काका, मला वाचवा’ ही हाक रात्री तेथे ऐकू येते, असे लोक सांगत आले. ती हाक कोणाच्या कानाला ऐकू येते की नाही, याची चौकशी करावयाची तर अवश्य करावी. परंतु एका शहराने एका पोराची किंकाळी अडीचशे वर्षे विसरावयाचे नाकारले, ही गोष्ट त्या चौकशीने खोटी ठरत नाही. ज्यांना न्याय मिळाला नाही, ज्यांची हकीकत कोणी पुरती ऐकून घेतली नाही, त्यांची आठवण समाज अशा कथांत जपून ठेवतो. दगड भुकेले असतात ते बहुधा अशा ऐकणाराचे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की अशी गोष्ट कोणी सांगू लागला तर ‘हे खरे का’ असे जरूर विचारावे. उपाय सांगून कोणी पैसे मागू लागला तर त्याला कायदा दाखवावा. परंतु त्याआधी वा त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा : या गोष्टीत रडते आहे ते कोण, आणि कशासाठी? हा प्रश्न त्या दोन आप्तांपैकी एकाने जरी विचारला असता, तरी मुसाफिरखान्यात भांडणाऐवजी दुसरे काही बोलणे झाले असते. कदाचित ते दोघे पुढच्या पूजेच्या सुटीतही एकत्र प्रवासाला निघाले असते.