डोंगरवाटेवरचा जाणता सोबती

(शिंदखेडा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपला तालुका बव्हंशी सपाट, काळ्या मातीचा. पांझरा तापीला मिळते ते मुडावद आपलेच. नांगराच्या तासावरून आपण जमीन ओळखतो; कडा, घळ व निसरडा कातळ यांची सवय आपल्या पायांना नसते. तथापि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील तरुण सातपुड्यातील अस्तंब्याच्या यात्रेस निघतात. शाळांच्या सहलींनाही आता लळिंगचा किल्ला अपुरा वाटतो. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर खुणावतो. ही हौस स्तुत्य आहे. प्रश्न एवढाच, की चाळीस मुले ज्याच्या हाती सोपवावयाची तो मनुष्य कोण?

"त्याच्याकडे हिमालयातले प्रमाणपत्र आहे," असे उत्तर बहुधा मिळते. ते वाचण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात. दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था १९५४ साली व उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली स्थापन झाली. तेथील 'बेसिक' अभ्यासक्रमात मनुष्य स्वतः चढावयास शिकतो. त्यात 'अ' श्रेणी मिळविणाऱ्यालाच 'ॲडव्हान्स'ला प्रवेश मिळतो. आणि दुसऱ्यास शिकविण्याची विद्या त्याही पुढच्या 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन' अभ्यासक्रमात आहे. आठवडाभराच्या शिबिराचे सहभागपत्र यांपैकी कशातच मोडत नाही. पंगतीत जेवून उठलेल्यास आपण आचारी म्हणत नाही!

साहसी सहलीत अपत्य गमावलेल्या पालकांचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. पुढे २०१४ व २०१८ मध्ये शासनाने सुरक्षिततेविषयी निर्णय काढले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आले. त्यानुसार असे उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे. नोंदणीपत्र मागण्यात संकोच कसला? बियाण्याच्या पिशवीवरील लेबल पाहूनच आपण पैसे मोजतो.

परंतु कागदाने सारे भागत नाही. कोणता नाला तासाभरात फुगतो, चैत्रात कोणत्या टाक्यात पाणी उरते, आग्या मोहोळ कोणत्या कपारीत आहे, हे पायथ्याच्या गावातील भिल्ल, पावरा वा कोकणा वाटाड्याच जाणतो. त्यास दोराचे तंत्र येईलच असे नाही. म्हणून प्रशिक्षित मार्गदर्शक व वाटाड्या दोघेही हवेत. काटकसरीची कुऱ्हाड प्रथम वाटाड्याच्या मजुरीवर पडते, हे मला अनुचित वाटते.

पैसे देण्यापूर्वी मार्गदर्शकास एक प्रश्न अवश्य विचारावा: "अर्ध्या वाटेवरून आपण शेवटी केव्हा परत फिरलात, आणि का?" "कधीच नाही," असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या स्वाधीन मुले करू नयेत. आभाळ भरून आले किंवा एखाद्या मुलास चक्कर आली, तर माघारीचा निर्णय त्याचाच राहील. "इतके आलो, आता माथा गाठूच," असा आग्रह गुरुजींनीही धरू नये.

मुलांची यादी, पायथ्याचे गाव व परतीची वेळ लिहिलेला कागद शाळेत आणि ग्रामपंचायतीत ठेवून मगच सहल निघावी. वेळ टळल्यास कोणी कोणास कळवावयाचे, हेही त्यावर असावे.