कॉम्प्युटरची दुसरी प्रत कुठे ठेवायची?

केडगावात पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या सोसायट्या आणि रो-हाउस उभी राहिली, त्यांतल्या बऱ्याच घरांत आता एकाच्या जागी तीन-चार कॉम्प्युटर असतात. एकावर लग्नाचे अल्बम बनतात, एकावर दुकानदारांची जीएसटीची कामं चालतात, मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप वेगळा, आणि सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो आहेतच. या साऱ्याची दुसरी प्रत विचारली, तर ती टेबलाच्या खणातल्या एका यूएसबी हार्ड डिस्कवर निघते. तीही गेल्या दिवाळीच्या आसपास कधीतरी घेतलेली.

अशा घरांना हल्ली एक पेटी सुचवली जाते. तिला नॅस म्हणतात. राउटरला लॅन केबलने जोडायची, आत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क, आणि स्वतःचा छोटासा प्रोसेसर. घरातला प्रत्येक कॉम्प्युटर रात्री आपोआप आपली प्रत तिच्यात टाकतो. विंडोजमधली फाइल हिस्टरी आणि मॅकमधलं टाइम मशीन, दोन्ही अशा पेटीवर चालतात. माणसाने आठवण ठेवायची गरज उरत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. कारण बॅकअप बुडतात ते बहुधा कंटाळ्यामुळे.

दुकानात बोलणं सुरू होतं ते किती टीबीची घ्यायची इथून. ते महत्त्वाचं आहेच, पण त्याआधी आपल्याच राज्यात घडलेली एक गोष्ट सांगतो.

आपल्या भागातला कांदा परदेशी निघाला, की कंटेनरमध्ये बसून बहुतेक वेळा न्हावा शेवाला जातो, जवाहरलाल नेहरू बंदरात. 27 जून 2017 ला तिथल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. कोणता कंटेनर कुणाचा, हे सांगणारी यंत्रणाच गेली, आणि माणसं हाताने कामं उरकू लागली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होतं. हा व्हायरसचा हल्ला होता आणि तो जगभर झाला होता. त्या व्हायरसला पुढे नॉटपेट्या असं नाव पडलं. तो शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. टॅक्सची कामं करणाऱ्या श्रोत्यांनी एवढं वाक्य लक्षात ठेवावं.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. पण कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा आणि कुणाला काय उघडता येईल याची नोंद ज्यांवर होती, असे जगभर सुमारे दीडशे सर्व्हर होते, आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत. एक गेला तर दुसरा आहे, हा हिशेब. सगळे एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं, आणि नेमकं तेच झालं. वाचला एकच, आफ्रिकेत घानामधला. तो का वाचला? तर हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेली होती! वीज नाही म्हणून सर्व्हर जाळ्यातून तुटलेला, आणि तुटलेला म्हणून शाबूत. इंटरनेटवरून त्यातला माल इंग्लंडला पाठवायचा तर कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन दिली आणि तिथून दुसऱ्याने ती विमानाने लंडनला पोचवली.

वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाते म्हणून आपण इतकी वर्षं कुरकुरत आलो. त्याचाही असा उपयोग निघावा, ही गंमतच.

आता पेटीकडे येऊ. दोन कप्प्यांच्या पेटीत दोन सारख्या डिस्क बसवतात आणि जे एकीवर लिहिलं जातं ते त्याच क्षणी दुसरीवरही. याला रेड वन म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, नवी घालायची, पेटी ती आपोआप भरून घेते. हे उत्तम आहे, जरूर घ्या. मात्र याला बॅकअप समजू नका. बिलबुकात कार्बन घालून लिहिताना वर आकडा चुकला की खालीही तोच चुकतो, तसं हे आहे. तुम्ही फोल्डर पुसलं, दोन्हीकडून पुसलं. व्हायरसने कुलूप लावलं, दोन्हीकडे लावलं. पेटीच चोरीला गेली, तर बोलायलाच नको.

म्हणून पेटी निवडताना मी पहिलं बघतो ते तिच्यात स्नॅपशॉटची सोय आहे का. म्हणजे काल रात्री, परवा रात्री, गेल्या आठवड्यात फाइली जशा होत्या तशी त्यांची स्थिती पेटी जपून ठेवते आणि कॉम्प्युटरवरचा व्हायरस तिथवर सहसा पोचत नाही. सहसा म्हटलं, कारण पेटीचा मुख्य पासवर्ड त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये साठवून ठेवला असेल तर पोचतो. बॅकअप घेण्यासाठी वेगळं, कमी अधिकारांचं खातं करावं. काही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये स्नॅपशॉट नसतात, आणि दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक पुष्कळदा त्यासाठीच असतो. तिथे काटकसर करू नये.

दुसरं, कंपनी किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देते ते. वेस्टर्न डिजिटलची माय बुक लाइव्ह नावाची पेटी पुष्कळ घरांत होती. तिचे अपडेट 2015 साली थांबले. पेट्या मात्र चालू राहिल्या, इंटरनेटला जोडलेल्याच. जून 2021 मध्ये एका सकाळी जगभरातल्या अनेकांना आपल्या पेट्या रिकाम्या झालेल्या दिसल्या. कुणीतरी दुरून त्या कारखान्यातून निघाल्या तशा कोऱ्या करून टाकल्या होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तैवानच्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांमधल्या फाइली क्यूलॉकर नावाच्या टोळीने पासवर्ड घालून बंद केल्या आणि सोडवायला पैसे मागितले. दोन्ही वेळा बळी पडल्या त्या इंटरनेटवरून पोचता येतील अशा पेट्या. पेटीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, जगात कुठूनही तुमचे फोटो बघा. ही सोय मी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगेन. मामेभावाला पुण्यात फोटो बघायचे असतील तर पाठवता येतात.

वेगाचं थोडक्यात. पेटीला आणि राउटरला गिगाबिट पोर्ट हवा. मग सेकंदाला साधारण 110 एमबी जातात, एक टीबी अडीच तासांत. घरातला राउटर जुना, शंभर मेगाबिटचा असला तर तेच काम पंचवीस तास घेतं. पहिली प्रत वायफायवर सोडू नका, केबल लावा.

जागेचा हिशेब तसा सोपा. लग्नाचे तीन हजार रॉ फोटो, प्रत्येकी तीस एमबी धरले तर नव्वद जीबी, व्हिडिओ वेगळा. आज घरात जेवढा माल आहे त्याच्या अडीच-तीनपट जागा घ्या. दोन डिस्क चार-चार टीबीच्या घातल्या तर जागा मिळते चारचीच, आणि कॉम्प्युटरवर ती 3.6 दिसते. दुकानदाराने फसवलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. बहुतेक पेट्या डिस्कशिवाय विकल्या जातात, तेव्हा किमतीत डिस्कचे पैसे वेगळे धरा. डिस्क नॅससाठी बनवलेली आणि सीएमआर पद्धतीने लिहिणारी मागा. एसएमआर पद्धतीच्या डिस्क स्वस्त पडतात, पण एक डिस्क बदलून दुसरी भरायची वेळ आली की फार रेंगाळतात.

वीज किती खाते? दोन डिस्कची पेटी वीस वॉट धरली तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट. घरात इन्व्हर्टर असला तरी पेटीला कॉम्प्युटरचा यूपीएस स्वतंत्र द्या, यूएसबी वायर असलेला. बॅटरी संपत आली की तो पेटीला कळवतो आणि पेटी नीट बंद होते. पंखा चालवणारा साधा इन्व्हर्टर असं काही कळवत नाही. आणि पेटी टीव्हीच्या कपाटात कोंडून ठेवू नका. आपल्याकडे हायवेची धूळ आणि एप्रिल-मेचं ऊन दोन्ही भरपूर आहे.

आता राहिली घानातल्या सर्व्हरसारखी जाळ्यातून तुटलेली प्रत. पीटर क्रॉग या अमेरिकन फोटोग्राफरने फोटो जपण्यावरच्या आपल्या 2005 सालच्या पुस्तकात एक नियम रूढ केला, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवता येते, पण अपलोडचा वेग 30 मेगाबिट असला तर एक टीबी चढवायला तीन दिवसांहून जास्त लागतात, आणि भाडं दर महिन्याला. मला घानाची पद्धत पसंत आहे. साध्या दोन यूएसबी डिस्क घ्या. एक पेटीला जोडून तिच्यावर प्रत उतरवा, पासवर्डने बंद करा, काढा आणि बहिणीच्या घरी सावेडीला नेऊन ठेवा. पुढच्या महिन्यात दुसरी न्यायची, पहिली परत आणायची. जाणं-येणं होतंच, डिस्कचं ओझं होत नाही.

पेटी घरी आली की पहिल्या आठवड्यात एक खेळ करा. बिनमहत्त्वाच्या फाइलींचं एक फोल्डर तिच्यात टाका, कॉम्प्युटरवरून पुसा आणि परत आणून बघा. मग पेटी बंद करून एक डिस्क काढून ठेवा, पुन्हा सुरू करा, ती ओरडते का, निरोप पाठवते का, फाइली उघडतात का ते तपासा. डिस्क परत बसवा आणि भरून निघायला किती तास लागले ते लिहून ठेवा. हे सगळं पावती हाताशी असताना, माल बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत करायचं.