वाकण्याची विद्या
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी व्यायामशास्त्राचा पंडित नव्हे. तीस वर्षे खेड्यातील शाळेत मुले शिकविली आणि तेथे जाण्यायेण्यासाठी सायकल चालविली, एवढाच माझा अधिकार. तथापि गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने शर्यतीची सायकल घेतली, पहिल्याच दिवशी तिचे हँडल पार खाली बसविले आणि अंबड रस्त्याने महिनाभर दामटली. पुढे त्याची कंबर अशी धरली की, बारावीचा एक पेपर त्याला अर्धाच टाकून उठावे लागले. त्याच्यासाठी मी जे वाचले व विचारले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

खाली वाकण्यात लाभ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यात खर्ची पडते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. मात्र मुंबई-पुणे शर्यतीतल्या बोरघाटासारख्या चढणीवर वेग मंदावतो आणि वाकण्याचा लाभही उरत नाही.

मग वाकावे कोठून? सोयाबीन कापणारी सवयीची बाई पाहा. ती पाठीला कुबड न आणता खुब्यातून वाकते. नवखा पाठीतून वाकतो आणि संध्याकाळी कण्हतो. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखडलेले असले की कटीचे हाड मागे ओढतात, आणि मग सारा बाक कमरेच्या मणक्यांवर येतो.

उपाय साधा आहे. अंग थोडे तापल्यावर उताणे निजावे, एका तळपायाला उपरणे अडकवून पाय हळूहळू वर घ्यावा. ताण जाणवेल, पण वेदना होणार नाही, तेथे अर्धा मिनिट थांबावे. प्रत्येक पायाने तीनदा. हिसका मुळीच देऊ नये. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब आपल्याच जिल्ह्यात आहे. सूर्यनमस्कार आपणांस परके नाहीत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा घरोघर प्रसार केला. त्यात पुढे वाकताना हात जमिनीला टेकविण्याचा हट्ट धरू नये; गुडघे किंचित दुमडावेत, पाठ सरळ ठेवावी. जोडीला पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करावेत, कारण लवचीक पण दुबळी कंबर भार पेलीत नाही.

हँडल एका वेळी अर्धा सेंटिमीटरच उतरवावे व दोन-तीन आठवडे थांबावे. कोपरे किंचित वाकलेली असावीत. बोटांना मुंग्या आल्या, मान दुखली किंवा गुडघा पोटावर आपटू लागला, तर हँडल पुन्हा वर घ्यावे. कळ पायात उतरू लागली, तर डॉक्टरांस दाखवावे.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने पूर्ण केली. एवढ्या पल्ल्यात घटकाभर शोभणारे आसन कामाचे नाही. दिवसचे दिवस टिकणारे आसनच हवे.

आमच्या चिरंजीवांचे हँडल आम्ही चार बोटे वर घेतले. आठ महिन्यांत ते दोन बोटे खाली आले आहे. उरलेली दोन बोटे कधी उतरतील, हे त्याची कंबर ठरवील, त्याचे मित्र नव्हेत. पालकहो, मुलांना सायकल जरूर घेऊन द्या. तिच्याबरोबर एवढा धीरही द्या.