कार्डाच्या पत्रकातील अपरिचित नाव

कापसाच्या हंगामात वणी, पांढरकवडा किंवा दारव्हा येथील एखाद्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा हिशेबनीस कंपनीच्या क्रेडिट कार्डाचे मासिक पत्रक रोजकीर्दीशी ताडून पाहू लागला, की डिझेल, सुटे भाग अशा परिचित रकमांमध्ये ‘पॅडल डॉट नेट’ ही ओळ त्याला अडवते, आणि फसवणूक झाली या समजुतीने तो कार्ड बंद करावयास धावतो. वस्तुतः पॅडल ही लंडनची कंपनी अनेक सॉफ्टवेअर-निर्मात्यांच्या वतीने स्वतःच विक्रेती म्हणून रक्कम वसूल करते. त्यामुळे पत्रकावर तिचे नाव ठळक उमटते आणि मूळ सॉफ्टवेअरचे नाव तारकाचिन्हापुढे, कित्येकदा अर्धवट तुटलेले, आढळते. देयक डॉलरमध्ये असेल तर विनिमय शुल्काची भर निराळीच!

रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णतः अमलात आलेल्या नियमांप्रमाणे सॉफ्टवेअरच्या वर्गणीसारख्या आवर्ती वसुलीची सूचना किमान २४ तास अगोदर मिळावयास हवी. परंतु ती बहुधा जाते बँकेत नोंदविलेल्या मोबाइलवर, आणि तो क्रमांक नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा असला, तर मालकास पत्ताच लागत नाही, ही यातली खरी गोम. म्हणून प्रथम कचेरीत विचारपूस करावी, ई-मेलमध्ये नेमक्या त्या रकमेची पावती शोधावी. कोणीच मंजुरी दिली नव्हती असे ठरल्यास मात्र दिरंगाई नको: त्रयस्थाच्या लबाडीची खबर देण्यास रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला स्वतःवर आर्थिक तोशीस न येता जी मुदत दिली, ती बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या अवघ्या ३ दिवसांची. तेव्हा बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि सायबर मदतीच्या १९३० या क्रमांकावरही कळवावे.