भरधाव म्हणजे किती?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



नोकरीतले अनुभव सांगा, असा निरोप होता. माझी नोकरी आधी भोसरीत, मग चाकणला, गुणवत्ता विभागात गेली. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही तिथली सवय.

आपल्या वर्गातला एक जण १९९४ साली दुसऱ्या पाळीहून सायकलने घरी येताना मोशीजवळ गेला. टेम्पोने उडवलं. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘भरधाव वेगाने’. चालक म्हणाला, चाळीसच्या वर नव्हतो. भरधाव म्हणजे किती, हे कोर्टात कुणालाच सांगता आलं नाही. तो सुटला. मित्राचं नाव घेत नाही. वहिनी समोर बसल्या आहेत.

आता किवळ्याहून निघणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे वेग मोजतात. एकाच जागी मोजणं नाजूक असतं. ताशी १०० ने जाणारी गाडी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात मीटरभराहून जास्त सरकते. लागोपाठच्या दोन चित्रांत वीतभर चूक झाली, तर वेग वीसेक किलोमीटरने चुकेल. शिवाय आपले लोक हुशार! कॅमेऱ्यापुरता ब्रेक, पुढे पुन्हा तेच.

म्हणून सरासरी काढतात. एक कॅमेरा नंबरप्लेट आणि वेळ टिपतो, पुढचा पुन्हा टिपतो. समजा, मधलं अंतर १० किलोमीटर. ६ मिनिटं लागली तर ताशी १००, म्हणजे तिथली मोटारींची मर्यादा. ५ मिनिटांत पोचलात तर १२०. घड्याळ सेकंदभर चुकलं, तरी फरक पाव किलोमीटरच्या जरा वर. सर, याच गणितावर तुमची छडी खाल्ली होती.

अडचण नंबरप्लेटची. ४१४१ ला वळणं देऊन ‘दादा’ केला, की यंत्राला वाचता येत नाही. असे दादा आपल्या बॅचमध्येही आहेत.

चलान मलाही आलं, सरासरी १०८ चं. मुलगा म्हणाला, तक्रार करा. मी दोन्ही वेळा घेऊन भागाकार केला. बरोबर होता. पैसे भरले.

संध्याकाळी मोशी ते चाकण मोजायला वेगच नसतो, हे तुम्ही सोसताच. पण रात्री पाळी सुटते तेव्हा रस्ता मोकळा असतो, कंटेनर सुसाट असतात आणि पोरं दुचाकीवरून घरी निघालेली असतात. तिथे असे कॅमेरे बसवावेत, असा अर्ज लिहून आणला आहे. बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलाय. पहिली सही वहिनींची आहे.